वादळानंतर घर सावरताना लहान मुलाला कसं सांभाळावं

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि काही तासांत पुढे सरकलं. पत्रे, कौलं, विजेचे खांब, पोफळीच्या (सुपारीच्या) बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. कित्येक गावांत वीज यायला काही आठवडे लागले. नव्याने लावलेली पोफळ तर फळ धरायला सहा-सात वर्षं घेते. तीन-चार वर्षांच्या मुलाला वाऱ्याचा आवाज आठवतोच, पण त्याहून खोल रुतून बसतं ते पुढच्या महिन्यांत घरात दिसलेलं: रात्र रात्र जागी असलेली आई, पडवीत मान खाली घालून बसलेला बाप, हप्त्यावरून होणारी भांडणं, आणि एरवी हसण्यावारी गेली असती अशा गोष्टीसाठी पाठीत बसलेला धपाटा.

हे लिहिलं आहे अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशाताई, बचत गटातल्या बायका आणि शेजारीपाजारी यांच्यासाठी. मुलं सहा वर्षांखालची धरली आहेत. मुलाला सावरायचं तर त्याला सांभाळणाऱ्या माणसाचं ओझं आधी थोडं उतरवावं लागतं. खेळणी आणि खाऊ वाटणं त्यानंतर.

ताण मुलापर्यंत पोचतो कसा

कोकणात आपत्तीची वेळच वाईट असते. मे महिन्यात आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, होते. तांदूळ, मिरची, सुकट, जवळा, सोडे, लाकूडफाटा भरण्यात हातातला पैसा संपतो. १ जूनपासून मासेमारी बंद, खलाशी घरी. रायगडातली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवरून परतलेली असतात, आणि भट्टीमालकाकडून आधी घेतलेली उचल फिटल्यावर त्यांच्या हाती फारसं काही उरलेलं नसतं. त्यातच शाळेचा खर्च येतो. पुढे लावणीच्या मजुरीचे थोडे दिवस मिळतात, पण मोठा पैसा दिसतो तो गणपतीला, चाकरमानी आले की. नेमक्या या पोकळीत तौक्ते चक्रीवादळ आलं, मे २०२१ मध्ये. महाड आणि चिपळूणचा पूर आला २२ जुलै २०२१ च्या आसपास. बेगमी भिजली म्हणजे घरातला पावसाळाभराचा घास गेला, आणि नवीन भरायला हातात काही नाही.

मग साखळी सुरू होते. उधारी वाढते, झोप उडते, नवरा-बायकोत खटके उडू लागतात, आणि त्याचा शेवट सगळ्यात लहान माणसावर होतो. कुणी मुद्दाम करत नाही. थकलेल्या माणसाचा संयम आधी संपतो आणि लक्ष नंतर. म्हणून एकाच घरात मूल कधी मार खातं, तर कधी दिवसभर त्याच्याकडे कुणी बघतही नाही. दुसरी गोष्ट कमी दिसते आणि तितकीच घात करते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने काही महिन्यांच्या बाळाशी खेळता खेळता एकदम चेहरा निर्विकार करायचा आणि दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, मग तोंड फिरवतं, शेवटी रडतं. आई पुन्हा बोलू लागली की हळूहळू सावरतं. आपल्या कामाचा धडा त्या शेवटच्या भागात आहे. आईबापांकडून चुकणारच. चुकल्यावर परत मुलाकडे वळलं, तर बरंचसं भरून निघतं. तो निर्विकार चेहरा महिनोन्‌महिने राहिला, तर मात्र शरीरातली ताणाची रसायनं खाली येत नाहीत, आणि झोप, भूक, लक्ष, आजाराशी झुंजायची ताकद या सगळ्यावर त्याचा परिणाम दिसू लागतो.

पहिले तीन-चार दिवस

मूल ज्याच्या अंगावर रोज झोपतं त्या माणसापासून त्याला तोडू नका. घर पडलं की पोराला मुंबईला काकाकडे पाठवायची रीत आपल्याकडे आहे आणि त्यामागे मायाच असते. पण सहा वर्षांखालच्या मुलाला ते दुसरं संकट वाटतं. पाठवायचंच असेल तर आजी किंवा मोठी बहीण सोबत द्या, निघण्याआधी मुलाला सांगा (झोपेत उचलून नेऊ नका), आणि रोज ठरलेल्या वेळी आईचा फोन जाऊ द्या. आज सकाळी, उद्या रात्री असं झालं तर मूल दिवसभर वाट बघत राहतं.

शाळेत किंवा मंदिरात निवारा असेल तर लहान मुलांच्या घरांना दारापासून लांबचा कोपरा द्या. दोन साड्या बांधून आडोसा केला की पाजणाऱ्या बाईची सोय होते. संडासच्या वाटेवर रात्रभर उजेड हवा, कारण अंधारात जायला नको म्हणून बायका पाणी पिणं कमी करतात. प्रत्येक मुलाच्या खिशात किंवा कपड्याच्या आतल्या बाजूला नाव, आईचं नाव, वाडी आणि फोन नंबर लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून टाचा. हरवलेलं किंवा एकटं मूल दिसलं तर १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर कळवा. ओळख पटल्याशिवाय कुणालाही मूल सुपूर्द करू नका, मग तो कितीही जवळचा नातेवाईक म्हणवत असो. मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

मोबाईलवरचे पडझडीचे व्हिडिओ मुलासमोर बंद. मोठ्यांना ती जुनी बातमी असते. चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक वेळी घर नव्याने पडताना दिसतं.

आईचं दूध आणि दुधाच्या पावडरी

"घाबरल्यामुळे दूध आटलं" हे वाक्य प्रत्येक निवाऱ्यात ऐकू येतं. भीतीने दूध आटत नाही. ताणामुळे ते उतरायला वेळ लागतो, बाळ चिडतं, आईला वाटतं संपलं, कुणीतरी पावडरचा डबा आणून देतं, बाळ ओढणं कमी करतं, आणि मग मात्र दूध खरोखर कमी होतं.

उपाय असा. आडोशाला बसवा, पाठीला टेका द्या, बाळाचे कपडे काढून छातीशी उघडं धरू द्या, वरून कोरडी चादर. आईला आधी पेज किंवा पाणी. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायला सांगा. बाळाने २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी केली तर दूध पुरतंय, हे आईला मोजून दाखवा. नुसतं "पुरतंय गं" म्हटलं तर तिचा विश्वास बसणार नाही. पुरानंतर विहिरी गढूळ असतात, बाटली उकळायला इंधन नसतं, त्यामुळे पावडरच्या दुधातून जुलाब लागतात. बालदुधाच्या डब्यांचं फुकट वाटप १९९२ च्या कायद्याने बंद आहे. मदतीच्या गाडीतून डबे आले तर ते बाजूला काढून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्या. ज्या बाळाची आईच नाही, त्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

घरी गेल्यावर काय बघायचं, काय बोलायचं

भेट अर्ध्या तासाची ठेवा. पहिली दहा मिनिटं फक्त बघा. चूल पेटली आहे का? मूल कुठे बसलंय? आवाज झाला तर कुणाकडे बघतं? आईने हाक मारली की जवळ येतं की अंग चोरतं? परक्या माणसाला पाहून आईच्या मागे लपणारं मूल बरंचसं ठीक असतं. काळजी करायची ती कुणाच्याही कडेवर निमूट जाणाऱ्या, पडून लागलं तरी न रडणाऱ्या मुलाची. "किती शहाणं आहे हो" असं म्हणून आपण त्यालाच सोडून पुढे जातो.

मग आईशी बोला, शक्यतो भांडी घासता घासता किंवा तांदूळ निवडताना. हात कामात असले की तोंड मोकळं होतं. "तुमच्यावर काय परिणाम झाला?" असं विचारलं तर उत्तर येत नाही. "रात्री झोप किती लागते?", "शेवटचं गरम गरम बसून कधी जेवलात?", "कुठल्या वेळेला जास्त घाबरायला होतं?" असं विचारा. वादळाची हकीकत खोदून काढू नका. सांगावीशी वाटली तर ऐका. "रडू नका, जीव वाचला हे काय कमी" हे वाक्य टाळा, कारण त्यानंतर ती बाई तुमच्यापुढे पुन्हा रडणार नाही, आणि मनातलं सांगणारही नाही.

निघताना एक तरी काम ठरवून निघा, आणि ते झोपेपासून सुरू करा. सलग चार तास झोपलेली आई दुसऱ्या दिवशी मुलाशी वेगळी वागते, हे डोळ्यांनी दिसतं. वाडीतल्या तीन-चार घरांनी पाळी लावायची. दुपारी दोन ते सहा एका घरातल्या आजीने दोन घरची मुलं सांभाळायची, दुसऱ्या दिवशी दुसरीने. बचत गटाच्या बैठकीत हे ठरलं तर टिकतं. तोंडी "गरज पडली तर सांग" म्हटलेलं टिकत नाही, कारण गरज पडलेलं माणूस सांगत नाही.

बापालाही गाठा. तो बहुधा पंचनाम्याच्या मागे तलाठी कार्यालयात नाहीतर बंदरावर असतो. मुलाचं अंगठा चोखणं, तोतरेपणा, अंथरूण ओलं होणं हे सगळं त्याच्या कानावर तक्रार म्हणून पडतं. ही दुखण्याची खूण आहे, लाडावल्याची नाही, हे त्याला सेविकेने सांगितलं तर पटतं. बायकोने सांगितलं तर ते भांडणाचं निमित्त होतं.

वयानुसार काय दिसतं

वर्षाच्या आतलं बाळ: दूध तोडतं, अंग ताठ करतं, तासन्‌तास किरकिरतं किंवा उलट फारच गप्प होतं, नजर टाळतं. एक ते तीन वर्षं: पदर सोडत नाही, चावतं, बोलायला लागलेले शब्द बंद होतात, रात्री दचकून उठतं. तीन ते सहा वर्षं: सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं करतं, पोटात दुखतं म्हणतं, पाऊस सुरू झाला की कानावर हात ठेवतं, तोच तोच खेळ खेळतं. मागे गेलेलं मूल बहुतेक वेळा काही आठवड्यांत परत पुढे येतं, पण घर थोडं तरी स्थिर झालं तरच.

या वयातलं मूल जगाचा मध्य स्वतःला समजतं. आपण आजीची बरणी फोडली आणि त्याच रात्री छप्पर उडालं, तर ते आपल्यामुळेच, असं त्याला खरोखर वाटतं. ते स्वतःहून सांगत नाही. म्हणून न विचारताच सांगावं: "वादळ समुद्रावरून आलं. तू काही केलंस म्हणून नाही आलं."

खेळाकडे नीट बघा. करवंट्यांचं घर रचायचं, पान छप्पर म्हणून ठेवायचं, गाल फुगवून फुंकायचं आणि सगळं उडालं की पुन्हा रचायचं. मूल हे दिवसातून दहा वेळा खेळतं आणि मोठी माणसं "अपशकुनी खेळ" म्हणून थांबवतात. थांबवू नका. शेजारी बसा आणि एवढंच विचारा, "आता घरातली माणसं कुठे गेली?" मुलाने स्वतःच्या हाताने त्यांना शाळेत, नाहीतर काकूच्या घरात नेलं, तर खेळ आपलं काम करतोय. पण रोज सगळी माणसं मरतात, कुणी वाचत नाही आणि खेळून झाल्यावर मूल आणखी बिथरतं, असं दोन-तीन आठवडे चाललं तर त्याला पुढे दवाखान्यात दाखवावं लागतं.

दिवसाला तीन खुंट्या

घर मोडलं तरी दिवस मोडू देऊ नका. सगळं वेळापत्रक जमणार नाही. तीन वेळा पक्क्या धरा: सकाळची पेज, दिवेलागण आणि झोप. ताडपत्रीखालीसुद्धा दिवा त्याच वेळी लागावा, त्याच क्रमाने हातपाय धुऊन, तीच दोन बडबडगीतं म्हणून, त्याच गोधडीत. गोधडी धुताना मुलाला विचारा. तिचा वास हाच त्याचा आधार असतो.

श्वासाचा व्यायाम शिकवायला वेगळं काही लागत नाही. पेजेची वाटी हातात द्या. "आधी वास घे," म्हणजे नाकाने आत. "आता फुंकून गार कर," म्हणजे तोंडाने हळू बाहेर. फुंकर लांब हवी, पेज सांडता कामा नये. पाच वेळा. दोन आठवडे रोज केलं की रात्री वारा सुटल्यावर नुसता ओंजळीचा वाटीसारखा आकार करून "फुंक" म्हटलं तरी मूल करतं. आई सोबत करते, तिचाही श्वास खाली बसतो. एकच चूक होते: मूल किंचाळत असताना पहिल्यांदा शिकवायला जाणं. शिकवणं शांत वेळी.

पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज ही मोठी अडचण. "काही होत नाही" असं सांगू नका, कारण मागच्या वेळी झालं होतं. दिवसा मुलाला छप्पर कुठे तारेने बांधलंय ते दाखवा, हात लावू द्या. पाणी गळतं तिथे डबा ठेवायचं काम त्यालाच द्या. वारा वाढला तर आपण कुणाच्या घरी जाणार, हे एका वाक्यात सांगा. खरं आणि छोटं उत्तर मुलाला पुरतं.

अंथरूण ओलं होतंय? खाली प्लास्टिक, वर जुनी गोधडी, उशाशी कोरडी चड्डी. झोपण्याआधी एकदा आणि मोठी माणसं झोपतात तेव्हा एकदा लघवीला न्या. पावसाळ्यात गोधड्या वाळत नाहीत आणि तिथेच आईचा तोल जातो, म्हणून मदतीच्या सामानात जुनी सुती लुगडी मागून घ्या. घडीवर घडी घालून अंथरली की पुरतात आणि चुलीच्या उबेवर रात्रीत वाळतात. जळजळ, ताप किंवा दिवसाही थेंब थेंब होत असेल तर ते ताणाचं नाही, डॉक्टरकडे न्या.

हात उचलला गेला तर? तो उचलला जाणार, विशेषतः पहिल्या महिन्यात. पालकांना सांगायचं ते एवढं: राग चढला की मूल सुरक्षित जागी बसवून दाराबाहेर जा, तोंडावर पाणी मारा. मारलंच असेल तर अर्ध्या तासाच्या आत जवळ घ्या आणि म्हणा, "मी चिडले होते, तुला लागलं, चूक माझी." आईबापाने माफी मागायची नसते असं मानणारी घरं पुष्कळ आहेत. तिथे शब्द नसले तरी चालेल, मांडीवर घेऊन भरवलं तरी मुलाला कळतं.

हप्ता, पंचनामा, सात-बारा

हा भाग मुलांचा नाही असं वाटेल. पण दारात उभा राहून ओरडणारा वसुलीवाला मुलासाठी वादळाइतकाच खरा असतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करून तगादा लावता येत नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही. हप्ता ठरलेल्या जागी भरायचा असतो. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा कर्जदार तिथे आला नाही, तरच घरी येता येतं. बायकांना हे माहीत नसतं आणि गटातल्या इतर जणींचा दबाव वेगळाच. गटाने मिळून शाखेला लेखी अर्ज द्यावा: नुकसान काय, किती महिने मुदत हवी. पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा फोन १४४४८. हप्ता फेडायला सावकाराकडून घेतलेलं कर्ज घराला सगळ्यात खोल नेतं, ते थांबवता आलं तर आधी थांबवा.

पंचनाम्याआधी पडझड आवरू नका. आवरावीच लागली तर चारही बाजूंनी फोटो काढा, पडलेल्या माडा-पोफळींची संख्या लिहून ठेवा. कोकणातला जुना गुंता म्हणजे सात-बारावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. भरपाईसाठी इतरांची संमतीपत्रं लागतात आणि त्यावरून दिवाळीपर्यंत भावाभावांत फोनवर भांडणं चालतात, मुलांच्या देखत. संमतीपत्रांचं काम एकदम करायचं, शक्यतो गणपतीत सगळे गावात असताना. दुसऱ्याचं आगर (माड-पोफळीची बाग) कसणारे किंवा घराची जागा नावावर नसलेले यांची नावं यादीतून सुटतात. ग्रामसभेत त्यांची यादी वेगळी वाचून दाखवायला सांगा. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड भिजलं असेल तर घाबरू नका. नोंद ग्रामपंचायतीत आणि आरोग्य सेविकेच्या रजिस्टरमध्ये असते, नक्कल मिळते.

घरात दारू आणि मारहाण वाढली असेल तर नवऱ्यासमोर विचारू नका. लसीकरणाच्या दिवशी, वजनाच्या वेळी, एकटी गाठून विचारा. "थोडं समजून घे, त्याचंही नुकसान झालंय" हे कधीही म्हणायचं नाही. १८१ हा महिलांचा मदतक्रमांक तोंडपाठ करून द्या, कागदावर देऊ नका. जीवावर बेतत असेल तर पोलिसांना ११२ वर फोन. रात्री मुलांना घेऊन ती कुठल्या दारात जाऊ शकते, ते दार आधी ठरवा आणि त्या घराला सांगून ठेवा.

खेळाची जागा

अंगणवाडी पडली असेल तर देवळाचा सभामंडप, शाळेचा एक वर्ग, नाहीतर टणक ओटी चालेल. सकाळी दोन तास, दुपारनंतर दोन तास, रोज त्याच वेळी. दोन ते चार वर्षांच्या पंधरा मुलांमागे दोन मोठी माणसं, पाच ते नऊच्या वीस मुलांमागे दोन. मुलांपाशी एकच मोठं माणूस कधीच नको. कुणी आणलं, कुणी नेलं याची वही ठेवा. सामान: चटया, करवंट्या, चिंचोके, शंख-शिंपले (कडांना धार नसलेले, आणि तीन वर्षांखालच्यांना चिंचोके नकोत, घशात अडकतात), माती, खडू, चिंध्यांच्या बाहुल्या. भातुकली, लंगडी, गाणी. "वादळाचं चित्र काढा" असं सांगू नका, काय काढायचं ते मुलांना ठरवू द्या. पाहुणे आणि कॅमेरे दाराबाहेर.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर (दंडाचा घेर, कुपोषण ओळखायची खूण) आठवड्याला मोजा, निदान दोन महिने. ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे त्याच दिवशी आरोग्य केंद्र. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर जादा आहार आणि दर आठवड्याला नजर. ताणातलं मूल जेवत नाही आणि ताणातली आई भरवायला बसत नाही, त्यामुळे दंडघेर घसरला की त्या घरात आणखी काय चाललंय ते बघायला जा. मऊ भात, कुळथाची पिठी, नाचणीची आंबील, थोडं तेल किंवा खोबरं घालून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं.

घरातलं माणूस गेलं असेल तर

रायगडातल्या तळीये गावावर दरड कोसळली २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री. अशा ठिकाणी मुलाला "बाबा गावाला गेले" किंवा "देवाकडे झोपलेत" असं सांगितलं जातं. गावाला गेलेला माणूस परत येतो, म्हणून मूल वाट बघतं. झोपलेला परत उठत नाही हे कळलं की झोपायलाच घाबरतं. "बाबा मेले. त्यांचं शरीर आता चालत नाही, त्यांना दुखत नाही. ते परत येणार नाहीत. तुला मी सांभाळणार आहे." एवढं, जवळच्या माणसाने, मांडीवर घेऊन. मूल ऐकून खेळायला पळालं तर त्याला दुःख झालं नाही असं समजू नका. तेच ते पुन्हा विचारेल, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचं.

कधी पुढे पाठवायचं

महिना उलटूनही खुणा कमी न होता वाढत असतील. बोलणं किंवा चालणं गेलं आणि परत येत नाही. खेळणंच बंद. स्वतःला किंवा भावंडाला इजा करतं. वजन उतरतंय. फिट आली. किंवा आई म्हणते, "सगळ्यांना घेऊन समुद्रात जावंसं वाटतं." हे शेवटचं वाक्य ऐकलं तर तिला त्या दिवशी एकटं सोडू नका. १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा चोवीस तास आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन तिच्या हातात देऊन निघू नका, लावून शेजारी बसा. मुलांसाठी शाळा-अंगणवाडी तपासणीचं आरोग्य पथक आणि उपजिल्हा रुग्णालय.

सेविका आणि आशांचंही घर त्याच वाऱ्यात सापडलेलं असतं. रोज आठ-दहा घरांची रड ऐकून घरी आल्यावर स्वतःच्या पोराशी बोलायला आवाज उरत नाही. दिवसाला चार-पाच भेटींपेक्षा जास्त घेऊ नका, आणि आठवड्यातून एकदा दोघी-तिघींनी बसून फक्त एकमेकींचं ऐका.

पुढच्या मे महिन्यात

ढग भरून आले की वर्षापूर्वीचं सगळं परत येतं. बरं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं. मागच्या वेळचंच सगळं पुन्हा करायचं, या वेळी ते लवकर सावरतं. आगोटीची भरणी करताना त्याची एक छोटी पिशवी वेगळी भरा: एक जोड कपडे, टॉवेल, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि गूळ, नाव-पत्त्याचा कागद, आणि एक वस्तू त्याच्या आवडीची, कुठली ते त्यानेच ठरवायचं. पिशवी त्याच्या हाताला येईल अशा खुंटीवर टांगा. दोन-तीनदा खेळ म्हणून ती खांद्याला लावून ठरलेल्या घरापर्यंत चालत जाऊन या, पाऊस नसताना, हात धरून.